अनोळखी ठोका

तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा टॅक्सी चालवणाऱ्या ओदालिसच्या शेजारी एक माणूस मांडीवर केक घेऊन बसला होता. केक उघडाच होता, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर, वर निळ्या साखरेच्या फेसाचे डोंगर. दोन्ही हातांचं कुंपण करून तो माणूस त्याला जपत होता. गाडी मोंते रस्ता सोडून तेहासच्या चौकात वळली, डावं चाक खड्ड्यात उतरलं, आणि बंद खोलीतून कुणी बोटाच्या पेरानं दार ठोठावावं तसं गाडीच्या पोटात काहीतरी वाजलं. टोक्. "बाई, माझा केक!" तो माणूस ओरडला. मागच्या सीटवरचे तिघंही हसले. ओदालिसनं आरशात पाहिलं, मग पायाशी पाहिलं, मग पुन्हा रस्त्याकडे. सकाळचं ऊन समोरच्या काचेवरून आत येत होतं, गिऱ्हाइकं पुरेशी होती, डिझेल होतं, कशाचीच ददात नव्हती. तरी जिन्याची एक पायरी चुकल्यासारखं तिला झालं.

या गाडीतला एकही आवाज तिला परका नव्हता. वळताना दांड्यात होणारी करकर कुठल्याशा रशियन गाडीच्या स्टिअरिंगची होती. मागच्या दाराची टचक् एका मोडीत निघालेल्या फ्रिजच्या कडीची. काच पुसणाऱ्या काठ्यांचा गुरगुराट कपडे धुण्याच्या यंत्राच्या मोटरचा, त्यामुळे पाऊस आला की गाडीत धुण्याचा वार असल्यासारखं वाटायचं. इंजिन तर मुळात शेताला पाणी चढवणाऱ्या पंपाचं, डिझेलचं. थंड असताना ते खोकायचं आणि तापलं की धाकट्या मुलासारखं एकसुरी बडबडत राहायचं. एकावन्न सालची शेवरले म्हणून लोक तिला हात करायचे. पण त्या हिरव्या पत्र्याच्या आत एकावन्न सालचं काय उरलं होतं ते तिच्या नवऱ्याला, एवेलिओलाच माहीत. यातला प्रत्येक आवाज जन्मला तेव्हा ओदालिस तिथे होती, हातात बॅटरी धरून. म्हणून तर गर्दीत आपलं मूल ओळखावं तसे तिला ते ओळखू यायचे. हा नवा आवाज त्या घरातला नव्हता. तो बाहेरून येऊन बसला होता.

आग्वा दुल्सेच्या चौकात तो पुन्हा वाजला. या वेळी दोनदा, टोक्-टोक्, आणि आता तो सगळ्यांनी ऐकला.

"इंजिन," केकवाला ठामपणे म्हणाला. "शंभर टक्के इंजिन. आतला दांडा सैल झालाय."

"कसलं इंजिन घेऊन बसलाय?" मागून एक टोपीवाला म्हातारा पुढे वाकला. "गिअरबॉक्स आहे ती. मी बंदरावर क्रेन चालवलीय आयुष्यभर, मला सांगता?"

"क्रेनला कुठे गिअरबॉक्स असते हो, आजोबा?"

"तुमच्या केकला असते का? मग गप्प बसा."

मागे खिडकीशी पांढऱ्या गणवेशातली एक धिप्पाड नर्स बसली होती. रात्रपाळी करून निघाली असावी. डोळे मिटूनच बोलत होती. "माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या गाडीत असाच आवाज यायचा. एके दिवशी चाक निघालं आणि गेलं की पुढे! आम्ही मागे, चाक पुढे."

"मग?"

"मग काय, आम्ही चाकाला हात केला. थांबलंच नाही मेलं."

सगळी गाडी हसली. केकसुद्धा हलला. ओदालिसही हसली, कारण चालवणारा हसला नाही तर गिऱ्हाईक घाबरतं. पण तिचे कान खाली, पायांखालच्या पत्र्यात शिरले होते. दर खड्ड्याशी ती श्वास धरायची. खड्डा गेला की सोडायची. व्हिबोराच्या थांब्यावर सगळे उतरले, नर्सनं जाताना तिच्या खांद्यावर जड हात ठेवला, "दाखवून घे गं राणी कुणाला तरी," म्हणाली आणि गेली. कुणाला तरी. मनात जे उघडायचं नाही असं ओदालिसनं ठरवलं होतं तिथेच त्या बाईनं नेमका हात ठेवला होता.

गाडी बंद पडेल याची भीती तिला नव्हती. बंद पडणं हा गाडीचा स्वभावच होता. ती बंद पडायची, एवेलिओ उतरायचा, शिव्या द्यायचा, बोनेट उघडायचा, पुन्हा शिव्या द्यायचा, आणि मग एखादी तार, एखादा बोळा, डब्याचा पत्रा, साबणाचा तुकडा, काहीही कुठेतरी बसवून हात पुसत परत यायचा. आत त्यानं काय केलंय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते त्याच्या डोक्यात होतं. आणि मार्चमधल्या धुळीच्या वाऱ्यांत, एका सकाळी दाढी करताना, त्या डोक्यातली एक नस फुटली. दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय नुसते अंगाला टांगल्यासारखे होते, आणि शब्द म्हणाल तर एकच उरला होता: हो. भूक लागली? हो. पोट भरलं? हो. दुखतंय का? हो. बोलायला शिकवणारी तरुण बाई आठवड्यातून एकदा चित्रं घेऊन यायची. चमचा दाखवायची, मांजर दाखवायची, चंद्र दाखवायची. तो प्रत्येकाला हो म्हणायचा आणि तिच्याकडे पाहून गोड हसायचा.

ते हसू ओदालिसला सहन व्हायचं नाही. हात-पाय गेले ते ती समजू शकत होती. तिच्या आईचेही गेले होते. पण हा माणूस कुठून आला? ताटात जे पडेल ते खाणारा, अंघोळीला घातलं की डोळे मिटून घेणारा, सदरा उलटा चढवला तरी चालवून घेणारा. समोरची सोइला येऊन त्याच्या गालाला हात लावायची, "किती शांत झाला गं! देवमाणूस झाला अगदी," म्हणायची, आणि ओदालिसला वाटायचं, हिच्या हाताला चावा घ्यावा. सदतीस वर्षं ती ज्याच्याशी भांडली तो देवमाणूस नव्हता. तो कॉफी गार झाली म्हणून कप खिडकीतून ओतणारा होता. डोमिनोच्या डावात हरला की टेबल उलटवणारा होता. हल्ली झोपेत कूस बदलताना तिला शेजारी कुणी पाहुणा झोपलाय असं वाटायचं, सभ्य, आभारी, लवकरच निघून जाणारा.

गाडी त्यांच्याकडे आली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. एवेलिओच्या काकाच्या परसात तिचा सांगाडा चाकांशिवाय विटांवर उभा होता, आणि पुढच्या सीटच्या स्प्रिंगांत एक काळी कोंबडी अंड्यांवर बसलेली. देशात काहीच मिळत नव्हतं त्या वर्षांतली गोष्ट. बसा बंद, दिवे बंद, लोक चालून चालून वाळलेले. एवेलिओ बसडेपोत वेल्डर होता. जोडायला काही उरलं नव्हतं म्हणून दिवसभर नुसता बसून यायचा आणि संध्याकाळी घरात आदळआपट करायचा. तो सांगाडा त्यानं ढकलत आणला आणि त्या दिवसापासून त्याची आदळआपट घराबाहेर गेली. ओदालिस शर्टाच्या कारखान्यात शिवणकाम करायची. तिनं एका हॉटेलच्या टाकून दिलेल्या पडद्यांतून सीटा शिवल्या. जाड तपकिरी कापड, त्यावर पिवळी पानं. तो स्वयंपाकघरात ब्रेकचं तेल बनवायचा. शांपू, थोडं अल्कोहोल, आणखी काय काय. घेवड्याच्या भाजीला महिनाभर सफरचंदाच्या शांपूचा वास येत होता. एकदा उतारावर त्यानं ब्रेक दाबला आणि पायाखालून फेस आला, फेस वाढत घोट्यापर्यंत चढला, आणि गाडी कोपऱ्यावरच्या झाडाला टेकून उभी राहिली. तो फेसात पाय बुडवून बसला होता आणि सगळ्या साबणवाल्यांच्या आयांचा उद्धार करत होता, आणि ती शेजारी इतकी हसत होती की तिला दार उघडेना.

बॅटरी धरायचं काम तिचं. "उजेड! उजेड कुठे पाडतेस? मी इथे आहे, तिथे आकाशात नाही!" गाडीखालून त्याचा आवाज यायचा. तिनं उजेड हलवला की, "आता डोळ्यांत! आंधळा कर मला, म्हणजे सुटलीस!" शेजारपाजारचे म्हणायचे, कशी राहतेस गं याच्याबरोबर? तिला सांगता यायचं नाही. गाडीखालून निघून तो तेलकट हात तिच्या नाकासमोर धरायचा आणि काय बसवलं ते दाखवायचा, तेव्हा त्याचा चेहरा पाहायला तिथे दुसरं कुणी नसायचं. पण सगळंच दाखवायचा असंही नाही. कित्येक गोष्टी ती कामावर असताना झाल्या होत्या. कुठला तुकडा कुठे गेला, कशाच्या जागी काय आलं, याचा हिशेब तो स्वतःशीच ठेवायचा, आणि विचारलं तर म्हणायचा, "चालतेय ना? मग?"

चालत होती. एवेलिओ आजारी पडल्यावर एक ड्रायव्हर ठेवला; तो दार आपटायचा, गिअर ओरबाडायचा, आणि तिसऱ्या आठवड्यात कुणी आप्तानं परदेशात बोलावलं म्हणून निघून गेला. मग ती स्वतः बसली. पहिल्या दिवशी फ्रतेर्निदाद बागेपाशी टॅक्सींच्या रांगेतल्या ड्रायव्हरांनी टाळ्या पिटल्या. "बघा रे, सासूबाई आल्या!" कुणीतरी ओरडलं. तिनंही काच खाली करून, "जावयांनो, रस्ता सोडा," म्हटलं. त्यांनी सोडला.

दुपारी व्हिबोराहून उलट जायच्या ऐवजी ती फेर्मीनच्या गॅरेजकडे वळली. आपण वळलो हे वळल्यानंतर तिच्या लक्षात आलं. फेर्मीन एवेलिओबरोबर डेपोत होता. दोघं एकमेकांच्या कामाला उघडपणे नावं ठेवायचे आणि एकमेकांकडून अवजारं उसनी न्यायचे. तिला पाहून तो उठला, हात पुसले, आधी एवेलिओची चौकशी केली. मग गाडीत बसून गल्लीला एक फेरी मारून आला. उतरला तेव्हा तोंड गंभीर होतं.

"पुढून येतोय. पण हिच्यात पुढून म्हणजे काय ते कळायला पाहिजे ना. हा पाईप इथे का गेलाय? हे कशाला बांधलंय? देवाला ठाऊक."

"एवेलिओला ठाऊक," ती म्हणाली.

फेर्मीननं मान खाली घातली. "ओदालिस, ऐक. मी उघडतो. सगळं पुढचं उतरवतो. पण एकदा उतरवलं की त्यानं जसं जोडलं होतं तसं मला परत जोडता येणार नाही. मी माझ्या पद्धतीनं जोडणार. त्याचं जे आहे ते जाईल."

"सगळं?"

"बरंचसं." मग तो म्हणाला, "कधी तरी करावंच लागणार आहे, बाळा."

हे शेवटचं तो फार हळू म्हणाला, जणू दवाखान्याच्या खोलीबाहेर उभा राहून बोलत होता. किल्ली तिच्या मुठीत होती. तिला दिसलं: गॅरेजच्या सिमेंटवर तेलाच्या कागदावर मांडलेले तुकडे, एकेक करून बाहेर आलेला तिचा नवरा, आणि फेर्मीन एखादा तुकडा उचलून "हे काय होतं?" असं म्हणतोय. आणि घरी, वर बाल्कनीत एवेलिओ बसलाय, हो म्हणायला तयार. फेर्मीननं हात पुढे केला होता. त्याचा हात चांगला होता, प्रामाणिक, काळा, एका बोटाला नख नसलेला. तिला त्या हाताचा राग आला आणि रागाची लाजही वाटली.

"उद्या आणते," ती म्हणाली.

"तोवर चाक निघालं तर?"

"हात करेन त्याला," ती म्हणाली आणि गाडी चालू केली. फेर्मीनला विनोद कळला नाही.

लॉटनच्या चढावर घरापर्यंत ती रिकामीच आली. गिऱ्हाइकं हात करत होती, ती मान हलवत होती. टोक्. डाव्या बाजूच्या भिंती, सुकत घातलेले कपडे, बेकरीसमोरची रांग, सगळं नेहमीचं असून तिला ते काचेपलीकडचं वाटत होतं. टोक्-टोक्. उद्या आणते म्हणजे काय? उद्या ती किल्ली देईल, परवा गाडी फेर्मीनची होईल, आणि मग कुणी विचारलं नाही तरी सगळ्यांना कळेल की एवेलिओचं संपलं. तो जिवंत असेल. जेवेल, हसेल. लोक म्हणतील, किती शांत.

घरासमोर ती गाडी नेहमी उताराकडे तोंड करून लावायची, कारण स्टार्टर लहरी होता आणि सकाळी ढकलायला माणूस शोधायला नको. त्यासाठी वर जाऊन वळून यावं लागायचं, आणि वळणावर गटाराचा दगडी चर होता. चाक चरातून गेलं. टोक्. टोक्-टोक्. आवाज उघड्या गल्लीत खणखणीत आला. फुटपाथवर डोमिनो खेळणाऱ्यांनी माना वर केल्या. ओदालिसनं वर बाल्कनीकडे पाहिलं नाही. एवेलिओचं ते समजूतदार हसू तिला आत्ता नको होतं. तिनं गाडी उभी केली, चाकाला वीट लावली, आणि दार बंद करायला वळली तेवढ्यात बोनेटवर वरून काहीतरी येऊन फाडकन् आदळलं.

चप्पल होती. रबराची, उजव्या पायाची. सकाळी तिनंच त्याच्या पायात घातलेली.

ती वर पाहत राहिली. एवेलिओ खुर्चीतून अर्धा उठला होता. डाव्या हातानं त्यानं कठड्याची सळई धरली होती, चेहरा लालबुंद, गळ्याच्या शिरा ताठ, तोंड एका बाजूला ओढलेलं आणि त्या वाकड्या तोंडातून काहीतरी बाहेर यायला धडपडत होतं. पुन्हा झटका आला, असंच तिला वाटलं. ती जिन्याकडे धावली. पहिल्या पायरीवर पाय पडला आणि वरून आलं:

"बहिरी!"

डोमिनोवाल्यांपैकी कुणाच्या तरी हातातला ठोकळा टेबलावर पडला.

"बहिरी!" तो पुन्हा ओरडला. शब्द चेपलेला होता, कडा तुटलेल्या होत्या, पण शब्द होता. तिला उद्देशून होता. मग खुर्चीत परत टेकून त्यानं त्याच हाताच्या मुठीनं कठड्यावर मारलं. टोक्. टोक्-टोक्. अगदी तसंच, त्याच अंतरानं, त्याच जडपणानं. बोट चपलेकडे केलं, मग पुढच्या डाव्या चाकाकडे, मग पुन्हा चपलेकडे, आणि इतका वेळ लागतोय म्हणून डोळे आकाशाकडे फिरवले.

ओदालिस परत गाडीशी आली. ती सरळ रस्त्यावर बसली. चाकाच्या वरच्या पोकळीत हात घातला. चिखल, ग्रीस, एक तार, मग धक्के झेलणाऱ्या शॉकअपचा दांडा. दांड्याच्या टोकापाशी बोटांना काहीतरी भुसभुशीत लागलं आणि तुटून हातात आलं. तिनं ते उजेडात धरलं, लुगड्यासारख्या मोठ्या स्कर्टला पुसलं. झिजून पापुद्रा झालेलं रबर, निळं, आणि त्यावर अजूनही दिसणारी चौकटीचौकटींची नक्षी. चपलेचा तळ. आणि मग तिला ते वर्ष आठवलं, त्या वर्षातली एक संध्याकाळ, एवेलिओ डेपोतून अनवाणी घरी आला होता. चपला कुठे आहेत, तिनं विचारलं होतं. "कामाला लावल्या," तो म्हणाला होता आणि जेवायला बसला होता. तिनं पुढं विचारलं नव्हतं. त्या इतकी वर्षं इथे होत्या, लोखंडाच्या मध्ये, प्रत्येक खड्डा आपल्या अंगावर घेत. त्या झिजल्या, आणि लोखंड लोखंडाला लागलं. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, उघडायचं काही नाही. एवढंच. तिनं तो तुकडा मुठीत धरला आणि छातीतून इतका मोठा श्वास बाहेर पडला की शेजारच्या बार्बारोनं खेळ सोडून विचारलं, "काय गं, लागलं का काही?"

"पाना आण," ती म्हणाली. "आणि सुरी. धारेची."

बार्बारोनं पाना आणला, सोइलानं मासे कापायची सुरी आणली आणि ती परत मिळणार का असं दोनदा विचारलं. सगळे जमले. टोपीवाल्या म्हाताऱ्यासारखे म्हातारे इथेही होते. एकानं सांगितलं, रबर भिजवून घे, दुसऱ्यानं सांगितलं, चुकूनही भिजवू नको. ओदालिसनं चप्पल पायरीवर ठेवली, तिच्यावर बाटलीचं तोंड दाबून गोल खूण केली आणि कापायला लागली. ती चप्पल जवळजवळ नवी होती. त्या पायानं रस्ता पाहिलाच नव्हता. रबर कापताना चिरचिरत होतं. तिचे हात शिवणाऱ्या बाईचे होते, गोलाई त्यांना ठाऊक होती. मध्ये भोक पाडलं, नट काढला, गोल आत बसवला, नट आवळला. मानेवर त्याची नजर तिला ऊन लागल्यासारखी जाणवत होती. बार्बारोनं आणि आणखी दोघांनी वजनासाठी मागे बसून घेतलं, वीट काढली, गाडी उतारावरून सुटली, इंजिन खोकलं आणि बडबडायला लागलं. कोपऱ्याला वळसा, वर, पुन्हा तो दगडी चर. ओदालिसनं श्वास धरला. चाक उतरलं, चाक चढलं. करकर, घरघर, बार्बारोची ढेकर, फ्रिजची कडी. आणि काही नाही. मागचे तिघं ओरडले. तिला वाटत होतं कुणीतरी तिच्या पाठीवरून पाण्याचा हंडा उतरवून घेतलाय आणि तिची मान अजून त्या वजनाच्या सवयीनं वाकलेलीच आहे.

बाल्कनीखाली तिनं गाडी थांबवली आणि उतरून वर पाहिलं. आता तो हसेल, तिला वाटलं, तेच गोड हसू, आणि हो म्हणेल.

एवेलिओ हसला नाही. कपाळाला आठ्या घालून, मान तिरकी करून तो इंजिन ऐकत होता. मग त्यानं डावा हात बाहेर काढला आणि दोन बोटं दाखवली. तिला कळलं नाही. त्यानं बोटं रागानं झटकली, पुन्हा दाखवली: दोन. दांड्याला वरून एक आणि खालून एक. तिनं एकच बसवलं होतं. "बहि..." त्याचं तोंड पुन्हा वाकडं झालं, शब्द सापडेना, सापडेना म्हणून तो आणखी भडकला, आणि मग त्यानं कठड्यावर अशी थाप मारली की तिथल्या कुंडीतली माती खाली आली.

ओदालिस बोनेटवर कोपरं टेकून वाकली. पत्रा तापलेला होता, हाताला चटके बसत होते, आणि तिचे खांदे गदगदत होते. सोइला धावत आली, तिच्या कमरेला हात घातला. "अगं, रडतेस कशाला आता? झाली ना गाडी बरी?"

"चिडलाय गं तो," ओदालिस म्हणाली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं. "माझ्यावर चिडलाय."

वरून पुन्हा थाप आली. तिनं डोळे पुसले, सुरी उचलली, आणि चपलेचा उरलेला अर्धा भाग शोधत पायरीकडे वळली.